९३–८९ : हा विजय बॉक्स स्कोअरमध्ये नेमका कुठे दिसतो?

एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९ जून २०१६ रोजी ओकलंड येथे झालेल्या एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने गोल्डन स्टेट वॉरियर्सला ९३–८९ असे हरवले. मात्र बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता, उघडून पाहिला, तर वॉरियर्सचे थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून साधलेल्या बास्केट, १५ आणि क्लीव्हलँडचे केवळ ६ आहेत. वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचे ३२ गुण १५ पैकी ११ शॉट्सवर आलेले आहेत आणि क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सचे २७ गुण २४ पैकी ९ शॉट्सवर. असे असताना क्लीव्हलँड जिंकले कसे, आणि या आकड्यांतून आपल्या खेळाडूंना नेमके काय शिकवायचे?

प्रश्न फार चांगला आहे, कारण या एका सामन्यात बॉक्स स्कोअर वाचताना होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका करण्याची संधी मिळते. उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. दोन्ही संघांची गुण मिळवण्याची कार्यक्षमता त्या दिवशी जवळजवळ तंतोतंत सारखी होती. क्लीव्हलँडला गुण मिळवण्याच्या संधी साधारण चारने जास्त मिळाल्या, आणि अंतर चारच गुणांचे होते. हे कसे दिसते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली सवय अशी लावून घ्यावी की, खेळाडूंच्या ओळींकडे जाण्याआधी संघाच्या बेरजेची ओळ वाचावी आणि ती स्वतः कागदावर उलगडावी. क्लीव्हलँडची ओळ अशी आहे : फील्ड गोल (चालू खेळात घेतलेले शॉट्स) ८२ पैकी ३३, थ्री-पॉइंटर २५ पैकी ६, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट्स) २५ पैकी २१. वॉरियर्सची ओळ अशी : फील्ड गोल ८३ पैकी ३२, थ्री-पॉइंटर ४१ पैकी १५, फ्री थ्रो १३ पैकी १०. येथे नवख्या वाचकाची एक नेहमीची गफलत होते. थ्री-पॉइंटर हे फील्ड गोलच्या आकड्यातच मोजलेले असतात, ते वेगळे नसतात. म्हणून क्लीव्हलँडच्या ३३ बास्केटांपैकी ६ तीन गुणांच्या आणि उरलेल्या २७ दोन गुणांच्या होत्या. ५४ अधिक १८ अधिक फ्री थ्रोचे २१, म्हणजे ९३. वॉरियर्सच्या ३२ पैकी १५ तीन गुणांच्या आणि १७ दोन गुणांच्या. ३४ अधिक ४५ अधिक १०, म्हणजे ८९. बेरीज जुळली, की आपण तक्ता बरोबर वाचत आहोत याची खात्री होते.

आता याच बेरजेतून सामन्याचे चित्र उभे राहते. तीन गुणांच्या रेषेबाहेरून वॉरियर्सने २७ गुणांची आघाडी घेतली. दोन गुणांच्या बास्केटांमधून क्लीव्हलँडने २० गुण परत मिळवले आणि फ्री थ्रोच्या रेषेवर आणखी ११. वीस आणि अकरा मिळून एकतीस. त्यातून सत्तावीस गेले, की चार उरतात. आपल्या प्रश्नात १५ विरुद्ध ६ हा एकच आकडा डोळ्यांत भरलेला आहे, पण त्याच तक्त्यात १० विरुद्ध २१ हा फ्री थ्रोचा आकडाही तितक्याच ठळकपणे छापलेला आहे. सामान्यतः त्याकडे दुर्लक्ष होते, कारण फ्री थ्रोच्या वेळी खेळ थांबलेला असतो आणि प्रेक्षकांच्या स्मरणात ते गुण राहत नाहीत. प्रशिक्षकाच्या स्मरणात ते राहिलेच पाहिजेत. बास्केटपर्यंत घुसण्याचा आग्रह धरणाऱ्या संघाला त्या आग्रहाचे फळ दोन ठिकाणी मिळते : दोन गुणांच्या शॉट्सच्या टक्केवारीत आणि फ्री थ्रोच्या संख्येत. क्लीव्हलँडने दोन गुणांचे ५७ पैकी २७ प्रयत्न साधले, म्हणजे ४७ टक्के. वॉरियर्सने ४२ पैकी १७, म्हणजे जेमतेम ४० टक्के.

यापुढची पायरी टक्केवारीची. छापील तक्त्यात फील्ड गोलची जी साधी टक्केवारी असते, ती क्लीव्हलँडची ४०.२ आणि वॉरियर्सची ३८.६ अशी आहे. ही टक्केवारी वाचून क्लीव्हलँडचे शूटिंग सरस होते असा निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण ती तीन गुणांच्या आणि दोन गुणांच्या बास्केटला एकाच मापाने तोलते. म्हणून इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी काढतात. तिच्यात प्रत्येक थ्री-पॉइंटरला दीड बास्केट मानतात. क्लीव्हलँडच्या ३३ मध्ये ३ मिळवून ८२ ने भागले तर ४३.९ टक्के येतात. वॉरियर्सच्या ३२ मध्ये साडेसात मिळवून ८३ ने भागले तर ४७.६. म्हणजे केवळ मैदानातून घेतलेल्या शॉट्सचा विचार केला, तर वॉरियर्स स्पष्टपणे पुढे होते. आपल्या शंकेचे मूळ येथेच आहे आणि इथपर्यंत ती शंका रास्तच आहे.

पण फ्री थ्रो अजून हिशेबात आलेले नाहीत. ते आणण्यासाठी ट्रू शूटिंग नावाचे माप वापरतात. त्याचा विचार सोपा आहे : संघाने गुण मिळवण्यासाठी एकूण किती संधी वापरल्या ते मोजायचे, आणि गुणांना त्या संधींच्या दुपटीने भागायचे. संधी मोजताना प्रत्येक फील्ड गोलचा प्रयत्न ही एक संधी धरतात आणि प्रत्येक फ्री थ्रोला ०.४४ संधी मानतात. फ्री थ्रो सहसा जोडीने मिळतात, मग अर्धी संधी का धरत नाहीत, असे आपल्याला वाटेल. कारण काही फ्री थ्रो बास्केट झाल्यावर बोनस म्हणून एकेकटे मिळतात, काही टेक्निकल फाउलचे असतात, आणि तीन गुणांच्या शॉटवर फाउल झाला तर तीन मिळतात. या सामन्यातच यांपैकी दोन प्रकारांची उदाहरणे आहेत. क्लीव्हलँडच्या इमान शम्पर्टला थ्री-पॉइंटर टाकताना फाउल झाला, बास्केटही झाली आणि वर एक फ्री थ्रो मिळाला, म्हणजे एका संधीत चार गुण. आणि चौथ्या क्वार्टरमध्ये वॉरियर्स ८७–८३ असे पुढे असताना त्यांच्या फेस्टस एझेलीने तीन गुणांच्या रेषेबाहेर जेम्सला फाउल केला; जेम्सने तिन्ही फ्री थ्रो साधले. ०.४४ हा अनेक सामन्यांच्या अनुभवातून बसवलेला सरासरी आकडा आहे. एखाद्या सामन्यात तो थोडा इकडेतिकडे होतो, हे लक्षात ठेवून तो वापरावा.

आता हिशेब करू. क्लीव्हलँडच्या संधी : ८२ अधिक २५ गुणिले ०.४४, म्हणजे ८२ अधिक ११, एकूण ९३. वॉरियर्सच्या संधी : ८३ अधिक १३ गुणिले ०.४४, म्हणजे ८३ अधिक ५.७, एकूण ८८.७. क्लीव्हलँडने ९३ संधींत ९३ गुण केले आणि वॉरियर्सने ८८.७ संधींत ८९. ट्रू शूटिंगच्या भाषेत ५०.० टक्के विरुद्ध ५०.२ टक्के. इतके जुळणारे आकडे क्वचितच पाहायला मिळतात. दर संधीमागे दोघांनाही एकेक गुण मिळाला. फरक पडला तो संधींच्या संख्येत.

संधी जास्त मिळतात कशा, हा प्रश्न बास्केटबॉलच्या आकडेवारीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडे तो सर्वांत कमी विचारला जातो. चेंडूचा ताबा दोन्ही संघांकडे आळीपाळीने येतो. त्यामुळे ताब्यांची संख्या दोघांची जवळपास सारखीच राहते. फार तर एखाद-दुसऱ्याचा फरक पडतो. म्हणून दुसऱ्यापेक्षा जास्त शॉट्स घेण्याचे मार्ग दोनच उरतात : आपला हुकलेला शॉट आपणच पुन्हा पकडणे, म्हणजे ऑफेन्सिव्ह रिबाउंड मिळवणे, आणि शॉट न घेताच चेंडू गमावण्याचे प्रमाण, म्हणजे टर्नओव्हर, कमी ठेवणे. डीन ऑलिव्हर या अमेरिकी विश्लेषकाने सामना ठरवणारे जे चार घटक मांडले, त्यांत शूटिंगला साधारण ४० टक्के, टर्नओव्हरला २५, रिबाउंडला २० आणि फ्री थ्रोला १५ टक्के वजन दिले होते. या वजनांवर मतभेद होऊ शकतात, पण शूटिंग सोडून उरलेले ६० टक्के कशात आहेत, हे त्या मांडणीने नेमके दाखवले.

या सामन्यात एकूण रिबाउंडचा, म्हणजे कोणाचाही हुकलेला शॉट पकडल्याचा, आकडा क्लीव्हलँडचे ४८ विरुद्ध वॉरियर्सचे ३९ असा आहे. येथेही एक सावधगिरी हवी. प्रतिस्पर्ध्याचे शॉट्स खूप हुकले, तर आपले रिबाउंड आपोआप वाढतात; त्यात आपले कर्तृत्व असेलच असे नाही. म्हणून एकूण रिबाउंडची तुलना करण्याआधी दोघांचे हुकलेले शॉट्स मोजावेत. क्लीव्हलँडचे ४९ हुकले, वॉरियर्सचे ५१. म्हणजे पकडण्यासाठी उपलब्ध असलेले चेंडू दोन्ही बाजूंना जवळपास समान होते आणि त्यामुळे नऊ रिबाउंडचा फरक खराखुरा आहे, असे येथे म्हणता येते. त्याचे एक कारण तक्त्यात अनुपस्थितीच्या रूपाने आहे. वॉरियर्सचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, अँड्र्यू बोगट पाचव्या सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन बाहेर गेला होता. त्याच्या जागी मुख्य पाचांत आलेल्या एझेलीने चार शॉट्स घेतले आणि चारही हुकवले. कोण खेळले नाही, हे बॉक्स स्कोअर वाचताना आवर्जून पाहावे, कारण न खेळलेल्या खेळाडूच्या नावापुढे आकडे नसतात आणि नजर तेथे थांबत नाही.

दुसरे कारण तक्त्यातच ठळक आहे : केव्हिन लव्हचे १४ रिबाउंड. लव्हची ओळ सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. त्याने ९ शॉट्सपैकी ३ साधले आणि त्याचे गुणही नऊच होते. पण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात त्याच्या नावापुढे अधिक १९ असा आकडा आहे. प्लस-मायनसचा अर्थ असा की, तो खेळाडू मैदानावर असताना संघाने प्रतिस्पर्ध्यापेक्षा किती गुण जास्त किंवा कमी केले. लव्ह साधारण ३० मिनिटे मैदानावर होता आणि त्या काळात क्लीव्हलँड १९ गुणांनी पुढे राहिले. तो बाकावर असताना उरलेल्या १८ मिनिटांत संघ १५ गुणांनी मागे पडला. जवळजवळ पूर्ण वेळ खेळलेल्या जेम्सचा हाच आकडा अधिक ४ होता, आणि तो संघाच्या अंतिम फरकाइतकाच असणे स्वाभाविक आहे.

मात्र प्लस-मायनस एका सामन्यापुरता पाहून खेळाडूची किंमत ठरवू नये, असे मी आपल्याला निक्षून सांगेन. एखादा खेळाडू मैदानावर असताना बाकीचे चार कोण होते, समोर कोण होते, प्रतिस्पर्ध्याचे शॉट्स त्याच वेळी योगायोगाने हुकले का, या सगळ्यांची भेसळ त्या एका आकड्यात झालेली असते. लव्हच्या बाबतीत मी त्या आकड्याला वजन देतो, कारण त्याच्या बाजूने दुसरा पुरावा आहे : १४ रिबाउंड, आणि संधींच्या संख्येतली ती आघाडी. प्लस-मायनस एकटा उभा असेल, तर तो केवळ व्हिडिओ पुन्हा पाहण्याची सूचना समजावा. दुसरा आकडा त्याला दुजोरा देत असेल, तर त्यावर बोलता येते.

आता ग्रीन आणि जेम्स. ग्रीनचा खेळ शूटिंगच्या दृष्टीने विलक्षण होता, यात शंका नाही. १५ पैकी ११ फील्ड गोल, ८ पैकी ६ थ्री-पॉइंटर, ४ पैकी ४ फ्री थ्रो, ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटकडे नेणारे पास). त्याचे ट्रू शूटिंग ९५ टक्क्यांहून अधिक येते. पण ही ओळ वाचल्यावर वजाबाकी करण्याची सवय ठेवावी. ग्रीनला बाजूला काढले, तर उरलेल्या वॉरियर्सचे ६८ पैकी २१ फील्ड गोल आणि ३३ पैकी ९ थ्री-पॉइंटर राहतात, म्हणजे अनुक्रमे ३१ आणि २७ टक्के. स्टीफन करीने १९ पैकी ६ आणि रेषेबाहेरून १४ पैकी ४. क्ले थॉम्पसनने १७ पैकी ६ आणि रेषेबाहेरून १० पैकी २. दोघांचे मिळून ३६ शॉट्स आणि ३१ गुण. करी त्या हंगामाचा एकमताने निवडलेला सर्वोत्तम खेळाडू होता, त्याने हंगामात ४०२ थ्री-पॉइंटर टाकून विक्रम केला होता, आणि त्याच्या संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. अशा जोडगोळीला रोखण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्स त्या दोघांकडे झुकतो आणि ग्रीनला मोकळी जागा मिळते. ग्रीनने त्या जागेचे सोने केले, पण त्याचे ११ बास्केट आणि इतरांचे हुकलेले ४७ शॉट्स या एकाच डिफेन्सच्या दोन बाजू आहेत. एका खेळाडूची उत्तम ओळ हे पुष्कळदा प्रतिस्पर्ध्याने केलेल्या निवडीचे फळ असते.

जेम्सची ओळ याच्या उलट वाचावी लागते. २४ पैकी ९, रेषेबाहेरून ५ पैकी १, फ्री थ्रो १० पैकी ८. ट्रू शूटिंग ४७.५ टक्के, म्हणजे संघाच्या सरासरीपेक्षा कमी. टर्नओव्हर ५. केवळ कार्यक्षमतेच्या निकषावर हा सामान्य सामना म्हणावा लागेल आणि तसे म्हणायला मी कचरणार नाही. परंतु त्याने २८ हून अधिक संधी स्वतः वापरल्या, तर ग्रीनने १७ पेक्षा कमी. ज्याच्यावर डिफेन्स पूर्ण सज्ज असताना, घड्याळ संपत आलेले असताना शॉट घेण्याची जबाबदारी असते, त्याची टक्केवारी खाली जाणारच. त्याच्याशी तुलना करायची तर त्याच्याइतकाच भार उचलणाऱ्याशी करावी; कायरी अर्व्हिंगने २३ पैकी १० शॉट्सवर २६ गुण केले, ट्रू शूटिंग साडेबावन्न टक्के, ही तुलना न्याय्य आहे आणि ती अर्व्हिंगच्या बाजूने जाते. मात्र जेम्सचे ११ असिस्टही त्याच ओळीत आहेत, आणि ११ रिबाउंड, ३ ब्लॉक (अडवलेले शॉट), २ स्टील (हिसकावलेले चेंडू). त्याने शॉट्स हुकवले हे खरे, पण दुसऱ्यांच्या अकरा बास्केटांची बांधणीही त्यानेच केली. अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दहा किंवा अधिकचा आकडा, करणारा तो तिसराच खेळाडू ठरला. त्याआधी १९६९ मध्ये जेरी वेस्ट आणि १९८८ मध्ये जेम्स वर्दी यांनी ते केले होते. वेस्टने त्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड आणि १२ असिस्ट केले आणि तरी त्याचा संघ लेकर्स बोस्टनकडून १०८–१०६ असे हरले. हरलेल्या संघातून अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला तो आजवरचा एकमेव. ग्रीनच्या ओळीची जातकुळी तीच आहे.

२०१६ चा हा मान जेम्सला एकमताने मिळाला, तो मात्र एका सामन्यावर नव्हे. सातही सामने मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही रकान्यांत दोन्ही संघांतील सर्व खेळाडूंमध्ये तो पहिला होता : सरासरी २९.७ गुण, ११.३ रिबाउंड, ८.९ असिस्ट, २.६ स्टील, २.३ ब्लॉक. एनबीएच्या इतिहासात कोणत्याही प्लेऑफ मालिकेत असे त्याआधी कोणी केले नव्हते. मालिकेचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक बेरीज सांगतो. सातवा सामना सुरू होण्यापूर्वी झालेल्या सहा सामन्यांत दोन्ही संघांचे एकूण गुण ६१० आणि ६१० असे समसमान होते, जरी त्या सहांपैकी एकही सामना दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने संपला नव्हता. मोठमोठ्या फरकांचे सामने एकमेकांना छेद देऊन शून्यावर येतात, हे पाहताना सरासरीवर किती विसंबावे याचा विचार करावासा वाटतो.

करी आणि थॉम्पसन यांच्या शूटिंगविषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण येथे प्रामाणिक विश्लेषकाला दोन उत्तरे द्यावी लागतात. वॉरियर्सची त्या हंगामातील थ्री-पॉइंटरची टक्केवारी ४१.६ होती. त्या दराने ४१ प्रयत्नांत १७ बास्केट अपेक्षित होत्या, झाल्या १५. दोन बास्केट, सहा गुण, आणि सामन्याचा फरक चार. मग हा निव्वळ नशिबाचा भाग मानायचा का? काही अंशी होय. ४१ प्रयत्नांच्या नमुन्यात दोनाचा फरक कोणत्याही कारणाशिवाय पडू शकतो, आणि अशा फरकावर मोठे सिद्धांत उभारू नयेत. पण ते ४१ शॉट्स कोणत्या स्थितीत घेतले गेले, समोर हात होता की नव्हता, हे बॉक्स स्कोअर सांगत नाही. अखेरच्या मिनिटात करीसमोर बदलून आलेला लव्ह, जो त्याच्यापेक्षा कितीतरी उंच पण पायाने मंद, त्याने करीला दोन-तीनदा चकवण्याचा प्रयत्न करायला लावून अवघड शॉट घ्यायला भाग पाडले. तक्त्यात याची नोंद करीचा एक हुकलेला थ्री-पॉइंटर एवढीच आहे. लव्हच्या ओळीत काहीच नाही.

याच कारणासाठी बॉक्स स्कोअरनंतर क्वार्टरनिहाय गुण आणि मग प्ले-बाय-प्ले, म्हणजे प्रत्येक घटनेची क्रमवार नोंद, वाचावे. क्लीव्हलँडचे गुण २३, १९, ३३, १८ आणि वॉरियर्सचे २२, २७, २७, १३ असे आहेत. मध्यंतराला वॉरियर्स ४९–४२ पुढे, तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ७६–७५, आणि मग ते तेरा. जेम्सच्या त्या तीन फ्री थ्रोनंतर त्याने एझेलीसमोरच थ्री-पॉइंटर टाकला, पाचपैकी साधलेला तो एकच, आणि क्लीव्हलँड ८९–८७ असे पुढे गेले. थॉम्पसनने ८९–८९ अशी बरोबरी केली तेव्हा ४ मिनिटे ३९ सेकंद उरले होते. त्यानंतर वॉरियर्सला एकही गुण मिळाला नाही आणि दोन्ही संघांना मिळून केवळ चार मिळाले : ५३ सेकंद उरले असताना करीसमोर अर्व्हिंगचा थ्री-पॉइंटर, आणि १०.६ सेकंद उरले असताना जेम्सने दोनपैकी साधलेला एक फ्री थ्रो.

त्या दोन्हींच्या आधी, १ मिनिट ५० सेकंद उरले असताना, वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाचा लेअप (बास्केटजवळून टाकलेला शॉट) जेम्सने मागून धावत येऊन बॅकबोर्डवर अडवला. बॉक्स स्कोअरमध्ये जेम्सच्या तीन ब्लॉकपैकी तो एक आहे आणि सामन्याच्या पहिल्या मिनिटातल्या ब्लॉकइतकेच त्याचे वजन आहे. क्लीव्हलँडच्या जे. आर. स्मिथने बास्केटखाली इग्वोडालाला चेंडू बाजूला घ्यायला लावले आणि त्यामुळे जेम्सला पोहोचण्यापुरता क्षण मिळाला. त्याबद्दल स्मिथच्या ओळीत काहीही नाही. आपल्या खेळाडूंना हा प्रसंग दाखवताना ब्लॉकच्या आधी स्मिथचे पाय पाहायला सांगावेत.

कोणते रकाने कधीपासून आहेत हेही जाणून असावे. एनबीएमध्ये स्टील, ब्लॉक आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंडची वेगळी नोंद १९७३–७४ च्या हंगामापासून होते, खेळाडूंचे टर्नओव्हर १९७७–७८ पासून, आणि थ्री-पॉइंटर १९७९–८० मध्ये आला. त्याआधीच्या काळातील बिल रसेलने ११ विजेतेपदे ज्या ब्लॉकच्या जोरावर मिळवली, ते ब्लॉक अधिकृत तक्त्यात मोजलेलेच नाहीत. जे मोजले जात नाही ते घडलेच नाही, असा समज खेळाडूंच्या मनात फार लवकर रुजतो, आणि म्हणून काय मोजायचे हे ठरवताना प्रशिक्षकाने काळजी घ्यावी.

हे सगळे आपल्या संघाला कसे लागू करावे, याविषयी शेवटी सांगतो. आपल्याकडील स्पर्धांत टेबलवर जी अधिकृत स्कोअरशीट भरली जाते, तिच्यात झालेल्या बास्केट, फाउल आणि टाइम-आउट यांची नोंद असते. हुकलेल्या शॉट्सची नसते. त्यामुळे सामन्यानंतर हाती येणाऱ्या कागदावरून वरीलपैकी एकही हिशेब करता येत नाही. कुणी किती गुण केले एवढेच कळते आणि संघाची चर्चा तेथेच अडते. म्हणून बाकावर एक माणूस केवळ नोंदीसाठी बसवावा. सुरुवातीला त्याला चारच गोष्टी लिहायला सांगाव्यात : प्रत्येक शॉटचा प्रयत्न, दोन की तीन गुणांचा आणि झाला की हुकला, फ्री थ्रोचे प्रयत्न, ऑफेन्सिव्ह रिबाउंड, आणि टर्नओव्हर. प्रतिस्पर्ध्याचीही हीच नोंद हवी, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. असिस्ट पहिल्या हंगामात सोडून दिले तरी चालेल, कारण पासनंतर किती ड्रिबलपर्यंत असिस्ट धरायचा हे नोंद करणाऱ्याच्या मतावर ठरते आणि दोन माणसांची नोंद जुळत नाही. पुढे असिस्ट घ्यायचे झाल्यास वर्षभर एकाच व्यक्तीने ते लिहावेत.

आपले सामने ४० मिनिटांचे असतात आणि एनबीएचे ४८, त्यामुळे त्यांचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी थेट ठेवू नयेत. दर संधीमागे गुण हे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच लागू पडते. सामना संपल्यावर ज्या क्रमाने हे उत्तर लिहिले आहे, त्याच क्रमाने हिशेब करावा : आधी दोन, तीन आणि एक गुणांची फोड, मग संधी, मग दर संधीमागे गुण, आणि सर्वांत शेवटी खेळाडूंच्या ओळी. त्या ओळींपर्यंत येईपर्यंत सामना शूटिंगमुळे गेला की संधींमुळे, हे कळलेले असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावात शॉट्स मारून घ्यायचे की बॉक्स-आउट (रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला अंगाने मागे अडवणे) करून घ्यायचे, हे ठरवता येते.